काळी माती, घासलेट आणि घराचा तडा

प्राध्यापकाच्या नोकरीतलं माझं पहिलं काम रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभं राहण्याचं होतं. १९८७चा जुलै, हातात पाच लिटरचा डबा. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्या लाटेत खान्देशातही कॉलेजं निघाली. आमचं त्यातलंच एक. इमारतीच्या अर्ध्या भिंतींना प्लास्टर नव्हतं. सॉइल मेकॅनिक्सची, म्हणजे बांधकामाखालच्या मातीच्या शास्त्राची, लॅब ही एक लांबट खोली, दोन टेबलं आणि खोक्यांत बंद यंत्रं. ती लावायची जबाबदारी नव्या लेक्चररवर, म्हणजे माझ्यावर. फ्री स्वेलचा, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते बघायचा प्रयोग सगळ्यांत स्वस्त, म्हणून तिथूनच सुरुवात करू म्हटलं. त्याला लागतं घासलेट.

दुकानदार ओळखीचा निघाला. म्हणाला, "सर, घर गॅस नही शे का?"

"आहे. मातीला पाजायचंय."

त्याने डबा भरून दिला, पण पुढे कित्येक वर्षं मी दिसलो की शेजारच्याला कोपराने ढोसायचा. कॉलेजच्या हिशेबनिसानेही बिलावर लाल शाईने लिहिलं होतं : 'लॅबमध्ये कंदील वापरता का?'

प्रयोग अगदी साधा. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची आणि १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत घासलेट. काडीने ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. (फ्रान्समधल्या मॉन्टमोरियाँ गावावरून हे नाव पडलं. वर्गात उच्चारलं की मागच्या बाकावर हमखास हसू फुटायचं.) त्याचे कण पापुद्र्यांचे. पाण्याच्या रेणूला विद्युतभाराची टोकं असतात, म्हणून ते पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून लांब सारतं. घासलेटाला ती टोकं नाहीत, ते नुसतं भोवती उभं राहतं. म्हणून दुसऱ्या दिवशी घासलेटाच्या नळीत माती तळाशी गप्प बसलेली असते आणि पाण्याच्या नळीत दुपटीने फुगलेली. दोन्ही उंचीतला फरक, भागिले घासलेटातली उंची, गुणिले शंभर. ५० टक्क्यांच्या वर गेलं की आपल्या मानकांत ती माती 'अतिशय फुगणारी' ठरते.

पहिली बॅच ती नळी बघायला आली तेव्हा पारोळ्याकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, ही तर आमच्या वावरातलीच." मी म्हटलं, कॉलेजच्या कुंपणापलीकडून आणलीय. दोघंही बरोबर होतो.

मी स्वतः बोरी नदीकाठच्या गावातला. आमचं घर धाब्याचं. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की नाना बैलगाडी जुंपून नाल्याकडच्या खारवट जागेतून पांढरट माती आणायचे, तिला आमच्याकडे खारी म्हणतात. धाब्यावर वीतभर खारी पसरून, चोपून घेतली की पावसाळ्याची चिंता मिटली. मला लहानपणापासून कोडं पडायचं की अंगणातली माती पावसात वाहून जाते आणि ही डोक्यावर असून गळत नाही, असं कसं? नानांचं उत्तर ठरलेलं : "हाई माटी पानीले दार लाई लेस." पुढे पुण्यात एम.ई. करताना समजलं की ते अक्षरशः तसंच आहे. खारीत सोडियम जास्त. पाणी पडलं की तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि पाण्याला खाली जायच्या वाटाच बुजवून टाकतात. वरचा थर भिजला की खालच्याला पाणी पोचतच नाही. पीक घ्यायला ज्या जमिनीला शेतकरी नाक मुरडतो, तीच छपराला चालते.

एम.ई.ला सॉइल का घेतलं, असं मुलाखतीत विचारलं होतं. मी खारीची गोष्ट सांगितली. खरं कारण वेगळं होतं. स्ट्रक्चर्सच्या जागा भरल्या होत्या.

शिकवण्याची गोष्ट सांगतो. टेर्झागींचं जर्मन पुस्तक १९२५ चं, तिथून या शास्त्राचा जन्म धरतात. त्यांनी सांगितलेलं मूळ सूत्र दीड ओळीचं आहे : मातीवर जो एकूण दाब येतो, त्यातला काही भाग छिद्रांतलं पाणी उचलतं आणि उरलेला मातीचे कण एकमेकांवर टेकून उचलतात. मातीची ताकद, तिचं दबणं, खचणं, सगळं त्या उरलेल्या भागावर अवलंबून. सूत्र पाठ होतं, कळत नाही. माझी मुलं शिरपूर, चोपडा, अमळनेर, साक्रीकडची, निम्मी मराठी माध्यमातली. पुस्तकात स्प्रिंग आणि दट्ट्याचं चित्र होतं. ते मी पहिली दोन वर्षं इमानदारीत काढलं आणि मुलांनी इमानदारीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या वर्षी एकदा मी स्वतः अमळनेर-धुळे एस.टी.त लग्नसराईत चेंगरून उभा होतो. धुळ्याला गाडी थांबली, लोकांना उतरायचंय, दार एकच आणि तेही अरुंद. आत सगळ्यांचा भार एकमेकांवर. जसजसे लोक उतरत गेले तसतसे उरलेल्यांचे पाय जमिनीला टेकले आणि तोल आपापल्या पायांवर आला. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर एस.टी. काढली. गर्दी म्हणजे पाण्याचा दाब, दार म्हणजे मातीतली छिद्रं. वाळूच्या गाडीला चारी बाजूंनी दारं, ती लगेच रिकामी होते. चिकणमातीच्या गाडीला एकच दार, तेही अर्धं उघडणारं, म्हणून तिचं दबणं वर्षानुवर्षं चालतं. मागून आवाज आला, "सर, आणि कंडक्टर?" मी म्हटलं, कंडक्टर म्हणजे बांधकामाचा ठेकेदार, त्याला गाडी आत्ता सोडायचीय.

तेव्हापासून ते प्रकरण कुणाला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

लॅबमध्ये खरे गुरू आमचे मामा होते. पद प्रयोगशाळा सेवक, शिक्षण सातवीपर्यंत, घरची कोरडवाहू चार एकर. प्रॉक्टरच्या प्रयोगात माती किती ओली असताना सगळ्यांत घट्ट बसते ते शोधायचं असतं. साच्यात तीन थर, प्रत्येक थराला २.६ किलोच्या हातोड्याचे ३१ सेंटिमीटरवरून २५ घाव, मग वजन, मग पाणी वाढवून पुन्हा सगळं. आलेख काढायला अख्खी दुपार जाते. मामा मूठभर माती घेऊन दाबायचे, लाडू करायचे, गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडायचे. लाडू पडून दोन-चार तुकडे झाले तर "बस, आता पाणी नको." पीठ झालं तर अजून पाणी, चपटा झाला तर जास्त झालं. संध्याकाळी आलेखाचा माथा मामांच्या लाडवाच्या जवळपासच निघायचा. एकदा मी विचारलं, कुठे शिकलात? "पेरणीच्या आधी वाफसा कोन बघतं सर?" असा उलटा प्रश्न आला.

मुलांना मी एकाच बाबतीत कधी माफ केलं नाही. लिक्विड लिमिटच्या, म्हणजे किती पाण्याला माती वाहायला लागते ते शोधायच्या प्रयोगात कॅसाग्रांदेंच्या पितळी वाटीत ओली माती थापून मधोमध चर पाडतात आणि हँडल फिरवून वाटी दहा मिलिमीटरवरून आपटतात. सेकंदाला दोन आपट्या. २५ आपट्यांना चर १२ मिलिमीटर मिटला की त्या वेळचं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. एका नमुन्यावर वेगवेगळ्या ओलाव्याला चार-पाच बिंदू घ्यायचे आणि त्यांतून रेषा काढायची. सगळा कॉरिडॉर टक-टक-टक. मग एखाद्या ग्रुपचे पाचही बिंदू फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ रेषेत यायचे. मी वही बंद करून परत द्यायचो. माती इतकी आज्ञाधारक नसते. खऱ्या मातीचा एक तरी बिंदू रुसलेला असतो. पाच सरळ बिंदू कँटीनमध्ये तयार होतात.

हे वर्गात ठीक आहे. साइटवर महागात जातं. एका नदीवरच्या पुलासाठी बोअर घेत होतो. प्रमाणित पेनिट्रेशन टेस्ट म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी मातीत ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. तिपाईवरून दोर, दोर ओढायला चार माणसं. एप्रिल-मेमधल्या खान्देशातल्या दुपारी चाळिसाव्या ठोक्याला त्या माणसांचे हात काय सांगतात ते बघायला हवं. हातोडा ७५ ऐवजी ५० वरून पडायला लागतो. ठोके जास्त लागतात आणि कागदावर माती आहे त्यापेक्षा कडक दिसते. रिपोर्ट छान येतो, पुलाचं काय व्हायचं ते होतं. मी दोराला लाल चिंधी बांधायला लावली आणि चिंधी कप्पीपर्यंत आली नाही तर तो ठोका मोजायचा नाही असं ठरवलं. पहिल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे बघत होता तो अजून आठवतो. त्याच कामात पुढे एकाने सुचवलं, "सर, बाकीचे नमुने तुमच्याच आवारातून घ्या ना, माती तर सारखीच." ते काम मी अर्धं सोडलं. पैसेही अर्धेच मिळाले, तेही दीड वर्षाने.

न हललेला नमुना, म्हणजे जमिनीत जसा होता तसाच नळीतून काढलेला, तर मुलासारखा सांभाळावा लागतो. दोन्ही टोकांना मेण ओतून बंद करायचं, आडवं ठेवायचं नाही, धक्का नाही. तेव्हा कॉलेजकडे गाडी नव्हती. मी आणि एक विद्यार्थी दोन नळ्या मांडीवर घेऊन एस.टी.च्या पुढच्या सीटवर बसायचो. मागची सीट उडते. एकदा एका आजीबाईंनी नळीला हात जोडले. त्यांना अस्थी वाटल्या असाव्यात. मी काही बोललो नाही.

आता घराकडे येतो. खरं तर इथूनच सुरू करायला हवं होतं, पण लाज वाटते.

१९९४ मध्ये प्लॉटवर घर बांधायला काढलं. तळमजला, चार खोल्या, भारवाहक भिंती. पायाचा चर पाच फूट खोदला तरी काळी माती संपेना. एका कोपऱ्यात खणून पाहिलं तर मुरूम नऊ फुटांवर. मला काय करायला हवं होतं ते माझ्या स्वतःच्या नोट्समध्ये लिहिलेलं होतं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने डॉ. दिनेश मोहन यांच्या काळात काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. साडेतीन मीटरच्या आसपास खोल जाणारे बारीक खांब, खाली खांबाच्या व्यासाच्या अडीच पट फुगवटा. जमिनीचा वरचा थर उन्हाळ्या-पावसाळ्यात वर-खाली नाचतो, खालचा स्थिर असतो. फुगवटा त्या स्थिर थरात रुतवून घर लटकवून ठेवायचं. मी हे वर्षातून दोनदा शिकवत होतो.

मिस्त्री चराच्या काठावर बसून बिडी ओढत म्हणाले, "सर, पाच फूट गयात, आजून कितला खाल जाशात?" गृहकर्जाचा हप्ता, मुलीची शाळा, पावसाळा तोंडावर. मी पाच फुटांवर थांबलो. वर हुशारी म्हणून चरात फूटभर वाळूची गादी टाकली. माती फुगली तरी वाळू ते सामावून घेईल, असा त्या काळी सर्रास समज होता आणि माझाही होता.

१९९६च्या मेमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी रेघ निघाली. केसासारखी. महिन्याभरात तिच्यात नाणं मावायला लागलं. काळ्या मातीत जड इमारतीपेक्षा हलक्या घराचे हाल जास्त, कारण मातीचा फुगण्याचा दाब एकमजली भिंतीच्या भारापेक्षा सहज जास्त भरतो. हेही मीच शिकवत होतो. शेजारचे अण्णा कुंपणावरून म्हणाले, "सर, कोनता इंजिनिअर गाठला होता?" ते खरोखर विचारत होते की टोमणा होता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याच वर्षी शिक्षकांसाठीच्या क्यू.आय.पी. योजनेतून पवईच्या आय.आय.टी.त पीएच.डी.ला गेलो. घरी तडा, सौभाग्यवती आणि दोन मुलं. पवईची तीन वर्षं एका वाक्यात सांगायची तर मी माती फुगताना बघत होतो. ओडोमीटरमध्ये, म्हणजे भाराखाली माती किती दबते-फुगते ते मोजायच्या यंत्रात, मातीची दोन सेंटिमीटर जाडीची चकती, वर भार, कडेला डायल गेज. पाव मिनिट, एक, सव्वादोन, चार, सव्वासहा, नऊ मिनिटं अशा वेळा गाठून रीडिंग. एका भाराला चोवीस तास, मग भार दुप्पट. दिवाळीला घरी जायचं तर चकतीला विचारून.

तिथेच प्रा. आर. के. कट्टी यांचं काम मुळातून वाचलं. पवईलाच त्यांनी काळ्या मातीवर आयुष्य घालवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : फुगणारी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये चिकटपणा असलेल्या, पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर नीट चोपून घाला. कालव्यांच्या अस्तराखाली ही युक्ती वापरली गेली आणि पुढे भारतीय मानकांत आली. खान्देशात डोंगर-टेकडीला हात लावला की मुरूम निघतो, त्यातला चांगला मुरूम या कामाला चालतो. आणि तिथेच वाळूविषयी वाचलं. वाळूत चिकटपणा नाही, पाणी मात्र तिच्यातून सुसाट धावतं. काळ्या मातीच्या चरात वाळू भरणं म्हणजे घराखाली परात ठेवणं. कुठूनही पाणी शिरलं की ते परातीत साठतं आणि आजूबाजूच्या मातीला निवांत पाजत राहतं.

मी पुस्तक मिटलं आणि हॉस्टेलच्या नाक्यावर जाऊन घरी एस.टी.डी. लावला. "मोरीचं पाणी कुठून जातं बघ बरं."

"अहो, रात्रीचे दहा वाजलेत."

"स्वयंपाकघराच्या कोपऱ्याजवळून जातं ना?"

"तिथेच तर केळी लावल्यात तुम्ही."

मोरीच्या पाण्यावर केळी. मीच लावलेल्या. मी फोन ठेवला.

पुढच्या सुट्टीत तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख. काच तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय. काच फक्त हो-नाही सांगते, किती ते सांगत नाही, म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकले आणि लॅबच्या व्हर्नियरने अंतर घेतलं. आम्ही आळीपाळीने, दर पंधरा दिवसांनी. मी नसलो की सौभाग्यवती घ्यायची, आणि तिची रीडिंग्ज माझ्यापेक्षा नेटकी असायची. पण एकदा वैतागून म्हणाली, "भिंतीला खिळे ठोकून मोजत बसण्यापेक्षा ती बुजवा ना."

तडा बुजवायचा नव्हता, कारण तो श्वास घेत होता. मेअखेर सर्वांत रुंद, सप्टेंबरात अरुंद, दिवाळीनंतर पुन्हा हळूहळू उघडणार. शेतातल्या भेगांचं आणि आमच्या भिंतीचं वेळापत्रक एकच. स्वयंपाकघराचा कोपरा मोरीच्या पाण्यावर बारमाही फुगलेला, आणि बाकीच्या कडा उन्हाळ्यात वाळून खाली जायच्या. त्या दोहोंमध्ये भिंत फाटायची. अशा वेळी तडा सिमेंटने बुजवला तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि ती शेजारी नवीन तडा काढते.

१९९९ मध्ये परत आल्यावर उपाय केले. केळी काढल्या. (हे वाक्य लिहायला सोपं आहे. घरात आठवडाभर बोलणं बंद होतं.) मोरीचा पाइप बदलून थेट रस्त्याच्या गटारीपर्यंत नेला. घराभोवती दोन मीटर रुंदीचा पट्टा खोदून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुम्मसने चोपला, आणि वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी केली. त्यावर खर्च किती झाला विचाराल तर पाइल परवडले असते. मग दोन पावसाळे थांबलो. दुसऱ्या वर्षी काच तडकली नाही. तेव्हा कुठे तडा बुजवला, तोही चुन्याच्या मऊ मसाल्याने.

ती सगळी रीडिंग्ज मी आलेखात मांडली आणि पुढे वीस वर्षं वर्गात दाखवली. 'एका प्राध्यापकाचं घर' असं शीर्षक द्यायचो. कुणाचं ते मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळायचं.

पीएच.डी.चा विषय मात्र घर नव्हता. काळी माती, चुना आणि भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख. चुना टाकल्यावर काळ्या मातीचं जे होतं ते हाताने बघण्यासारखं आहे. बोटांना चिकटणारी माती तासाभरात रव्यासारखी भुरभुरीत होते, कारण चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांवर जाऊन बसतं आणि पाण्याची ओढ कमी करतं. त्यानंतरचं काम सावकाश चालतं, सात दिवस, अठ्ठावीस दिवस. चुना मातीतल्या आणि राखेतल्या सिलिकाशी जुळून सिमेंटसारखी बांधणी करत जातो. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार कमी, म्हणून नुसती राख पुरत नाही. बाइंडिंग करून आलेल्या प्रबंधाची पहिली प्रत मी मामांना दाखवली. त्यांनी पान उलटवलं, इंग्रजी बघून मिटवलं आणि विचारलं, "चुना किती टाकायचा तेवढं सांगा."

राख आणायला मी दीपनगरला जायचो तेव्हा विद्यार्थीही यायचे. पण त्यांना सर्वांत आवडणारी सहल पांझरा नदीची. साक्रीकडे पांझरेवर जुने फड बंधारे आहेत. एकाखाली एक बंधारा, प्रत्येकाचा पाट, पाटाखालचं शिवार फडांत वाटलेलं, पाण्याची पाळी सांभाळायला पाटकरी. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीच्याच कामांत इथल्या पांझरेवर पाइपांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. मुलं त्यांचं नाव ऐकून फोटो काढायची. मी त्यांना पाटाच्या काठावर उकिडवं बसवायचो आणि विचारायचो, बंधारा नेमका इथेच का? थोडा वेळ गोंधळ, मग कुणीतरी पात्रातला उघडा पडलेला काळा कातळ दाखवायचा. ज्यांनी ती जागा निवडली त्यांच्याकडे बोअर नव्हता, ठोके मोजणारा नव्हता.

विभागप्रमुखपदाची नऊ वर्षं, फायली, तपासणी समित्या यांवर मी काही लिहिणार नाही, कुणी वाचणारही नाही. भारनियमनाचं तेवढं सांगतो. ओलावा काढायला नमुना १०५ ते ११० अंशांवर चोवीस तास ओव्हनमध्ये हवा. त्या वर्षांत खान्देशात वीज दिवसाचे कित्येक तास जायची. ओव्हन थंड, पुन्हा गरम, पुन्हा थंड. मग वजन स्थिर होईपर्यंत दर चार तासांनी काढून बघायचं, हाच मार्ग. मामांनी ओव्हनच्या दारावर खडूने वीज गेल्या-आल्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली. वीज कंपनीकडेही इतकी नेमकी नोंद नसेल असं आम्ही म्हणायचो. पुढे सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, साठच्या वर्गात वीस-बावीस मुलं. वाईट वाटायचं, पण खरं सांगू, प्रत्येकाच्या हाताला माती लागेल एवढी यंत्रं आमच्याकडे तेव्हाच पुरली.

२०२१ मध्ये निवृत्त झालो. निरोप समारंभ मोबाइलच्या पडद्यावर झाला. मामा आधीच निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांच्या नातवाने फोन धरला होता आणि त्यात मामांचा अर्धाच चेहरा दिसत होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक जुना विद्यार्थी घरी आला. आता चाळिशीत, स्वतःचं घर बांधतोय. पिशवीतून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला, त्यात माती. "सर, पायाचा चर साडेचार फूट झालाय. मिस्त्री म्हणतो बस झालं. तुम्ही एकदा हात लावून सांगा."

हात लावून सांगता आलं असतं. पण मी नळ्या काढल्या, दोन माझ्याकडे आहेत अजून. घासलेटाचीच पंचाईत. घरोघरी गॅस आला तसं रेशनचं निळं घासलेट आटत गेलं, आणि ज्या दुकानासमोर मी रांगेत उभा राहिलो होतो तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. शेवटी अण्णांकडे जुन्या स्टोव्हच्या टाकीत थोडं निघालं. कुंपणावरून बाटली देताना म्हणाले, "कोनाच्या घराला पाजता आता?"

दोन्ही नळ्या ओट्यावर खिडकीशी ठेवल्या, जिथून तेव्हा तडा निघाला होता त्याच खिडकीशी. सौभाग्यवतीने सकाळी चहा ठेवता ठेवता आधीच वाचून ठेवलं होतं : "घासलेटात बारा, पाण्यात चोवीस."

मी त्याला फोन लावला. "चर बुजवला नाहीस ना अजून?"

"नाही सर, वाळूचा ट्रॅक्टर आत्ताच आलाय."

"तो परत पाठव."